आमची बातमी छापून का येत नाही?

ताडकळसच्या चहाच्या हॉटेलात सकाळी वर्तमानपत्र येऊन पडले की ते पानापानांनी वाटले जाते. कोणाच्या हाती खेळाचे पान, कोणाच्या हाती बाजारभावाचे. जिल्ह्याचे पान मात्र सर्वांनाच हवे असते. ते वाचून झाले की एक तक्रार हमखास ऐकू येते. आपल्या भागाचे नाव पेपरात येते ते अपघात झाला, मोटारसायकल चोरीला गेली किंवा बांधावरून भावकीत कुऱ्हाडी निघाल्या तरच. गावाने श्रमदानातून विहिरीचा गाळ काढला, त्याची ओळ नाही. दवाखान्यात औषध नाही, त्याचीही नाही. मग कोणीतरी 'पेपरवाले पैसे खातात' असा निकाल देतो, आणि चहाचे पैसे देऊन मंडळी उठतात.

आम्हीही या तक्रारीत पुष्कळ वर्षे सामील होतो. व्याख्यानमालेच्या निमित्ताने हा विषय बोलावा लागला, तेव्हा जरा शांतपणे विचार केला, आणि उत्तराचा निम्मा भाग गावातच उभा असल्याचे लक्षात आले. ताडकळसला पोलीस ठाणे आहे. तेथे गुन्हा दाखल होतो तेव्हा तारीख, वेळ, ठिकाण, फिर्यादी कोण, संशय कोणावर, माल किती किमतीचा, कलम कोणते आणि तपास कोणाकडे, हे सारे एका कागदावर येते. वार्ताहर तो कागद पाहतो आणि दहा ओळी लिहितो. उद्या कोणी जाब विचारला, तर 'ठाण्यात नोंद आहे' एवढे म्हणून त्याला मोकळे होता येते. चोरीची बातमी सहज छापली जाते याचे मोठे कारण हेच, की तिला आधार आयता मिळतो. आपल्या चांगल्या कामाचा आणि आपल्या गाऱ्हाण्याचा तसा कागद करून ठेवण्याचे काम मात्र कोणीच अंगावर घेत नाही.

ज्याने हा व्यवहार जवळून पाहिला नाही, त्याची समजूत अशी असते की वर्तमानपत्रांची पगारी माणसे बातम्या शोधीत गावोगाव हिंडत असतात. खेड्यातील वार्ताहर बहुधा शेती, दुकान किंवा शिकवणी सांभाळून हे काम करतो. मानधन मिळते ते नाममात्र. पुष्कळदा तेही नाही. अंकाची एजन्सी त्याच्याकडे, बिलाची वसुली त्याच्याकडे, आणि दिवाळी, पंधरा ऑगस्ट व पुढाऱ्यांचे वाढदिवस आले की जाहिराती मिळवून देण्याची अपेक्षाही त्याच्याकडूनच. ज्या पुढाऱ्याच्या दारी तो जाहिरात मागावयास उभा राहतो, त्याच पुढाऱ्याच्या कारभाराविरुद्ध 'जरा कडक लिहा' असे आपण त्याला सांगत असतो. त्याला लाचार म्हणण्यापूर्वी ही त्याची अडचण ध्यानात घ्यावी, असे आम्हांस वाटते.

त्यात वेळेचा प्रश्न. दुपारी तीन-चारपर्यंत बातमी पोहोचली, तर जिल्ह्याच्या कचेरीतील उपसंपादक ती नीट वाचतो, शंका आली तर फोन करतो. रात्री येते तेव्हा पान लागलेले असते. ती उद्यावर जाते, आणि उद्या तिला शिळेपण येते. आमच्याकडील सभा मात्र सायंकाळी सातच्या म्हणून साडेआठला सुरू होतात. आभार संपेपर्यंत साडेदहा वाजतात. त्यानंतर कोणीतरी वार्ताहराच्या हाती कागद देतो, आणि त्या कागदावर व्यासपीठावरील तेवीस जणांची नावे मानाच्या क्रमाने लिहिलेली असतात. वक्ता काय बोलला याची एक ओळही नसते. सकाळी तेवीसपैकी चार नावे छापून येतात आणि उरलेले एकोणीस जण वार्ताहरावर रुसतात. आम्ही स्वतः त्या एकोणिसांत एकदा होतो, हे कबूल करतो.

येथे तीन गोष्टींची गल्लत होते. जाहिरात म्हणजे पैसे देऊन घेतलेली जागा. तेथे आपले शब्द आपण लिहावे. प्रसिद्धी म्हणजे आपले नाव चारचौघांत व्हावे अशी आपली इच्छा. बातमी ही वाचकाची गरज असते. गंगाखेडच्या, जिंतूरच्या वाचकाला आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचे नाव कळून काही लाभ नाही. हळदीच्या बेण्याला लागणारी कीड आमच्या शिवारात कोणत्या आठवड्यात दिसली आणि कशाने आटोक्यात आली, हे कळले तर लाभ आहे. ही बातमी वर्तमानपत्र घेईल, आकाशवाणीचे परभणी केंद्र घेईल, कृषी विद्यापीठातील तज्ज्ञही तिच्याकडे वळून पाहतील. आपली इच्छा आणि वाचकाची गरज जेथे एकमेकींस मिळतात, तेवढ्या जागेपुरतेच आपण वर्तमानपत्राकडे काही मागू शकतो.

मराठी वर्तमानपत्रांच्या इतिहासात याचे चांगले उदाहरण आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' काढले, तेव्हापासून हा धंदा आपल्याकडे चालू आहे. परंतु शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारी बातमी कशी असते ते 1896-97 च्या दुष्काळात दिसले. सरकारचा दुष्काळासंबंधी कायदा होता. सारासूट केव्हा मिळावी, कामे केव्हा काढावी, हे त्यात होते. पण ते इंग्रजीत. टिळकांनी 'केसरी'तून त्याचा अर्थ मराठीत सांगितला, सार्वजनिक सभेची माणसे खेड्यापाड्यांत जाऊन तो समजावू लागली, आणि रयत अधिकाऱ्यासमोर 'आमचा हक्क आहे' असे म्हणू लागली. सरकारला जे टोचले, त्यात कायद्याच्या कलमांचा हा साधा अनुवादही होता.

त्याच 'केसरी'च्या चरित्रातील दुसरा प्रसंग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो बातमी देणाऱ्याच्या जबाबदारीचा आहे. वर्ष 1882. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे, त्यांना वेडे ठरविण्यात येत आहे, अशी हाकाटी होती. कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रे 'केसरी' आणि 'मराठा' यांच्या हाती देण्यात आली. आगरकर 'केसरी'चे संपादक, टिळक 'मराठा'चे. दोघांचेही वय पंचविशीच्या आसपास. महाराजांविषयीची कळकळ खरी होती. पत्रे छापली गेली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची साधी कैद झाली. एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचा जयजयकार केला, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. इतिहासात हा त्यांचा गौरव म्हणून सांगितला जातो, तो योग्यच आहे. आमच्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो. ती पत्रे ज्यांनी आणून दिली, ते त्या एकशे एक दिवसांत कोठे होते?

हा प्रसंग मोठ्या माणसांचा. आमचा प्रसंग लहान आहे, पण जात तीच. ताडकळसपासून फार दूर नसलेल्या एका खेड्यात ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीवरील मुलांची शाळा बुडते. आम्ही काही मंडळींनी याविषयी पत्रक काढावयाचे ठरविले. उत्साहाच्या भरात लिहिले, 'शेकडो विद्यार्थी शिक्षणापासून वंचित', 'कित्येक वर्षांपासून', 'प्रशासन झोपेत'. वार्ताहर ओळखीचा होता. त्याने आमच्या शब्दावर विश्वास ठेवून बातमी दिली, आणि ती ठळक मथळ्याने छापून आली. आम्ही कात्रण कापून ठेवले. दोन दिवसांनी संबंधित कचेरीचा खुलासा आला. वस्तीवरून शाळेत येणारी मुले त्रेचाळीस. बातमीच्या आठवड्यात ओढा कोरडा. हजेरीपटावर बहुतेक मुले हजर. खुलाशातील प्रत्येक शब्द खरा होता. ओढ्याचा त्रासही खरा होता, परंतु तो आदल्या महिन्यातला. आम्ही 'त्रेचाळीस' लिहिण्याऐवजी 'शेकडो' लिहिले होते. जणू त्रेचाळीस मुलांची शाळा बुडणे ही लाजेची गोष्ट म्हणण्यास पुरेशी नव्हती! आम्हांला कोणी काही बोलले नाही. बोलणी खाल्ली वार्ताहराने, आपल्या संपादकाची. पुढे वर्षभर तो आमचा फोन घेत असे, पण बातमी घेत नसे. आणि ओढ्याचा प्रश्न? तो 'खोटा ठरलेला' म्हणून फायलीत बांधला गेला. अतिशयोक्तीची किंमत अशा रीतीने त्रेचाळीस मुलांनी दिली.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले, की वर्तमानपत्राने दारच बंद केले तर काय करावे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढले, तेव्हा त्याची जाहिरात, रोख पैसे देऊ केले असताही, 'केसरी'ने घेतली नाही. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः नमूद केले आहे. ज्या पत्राचा गौरव आम्ही वर केला, त्याच पत्राची ही दुसरी बाजू. ती लपविण्याचे कारण नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी लोकांनी घेतले, आणि 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. घडलेले आपल्या शब्दांत आणि आपल्या कागदावर नोंदविण्याची ही निकड होती.

आमच्या मराठवाड्याला तर बंद दार नवे नाही. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागे, वर्तमानपत्रावर बंदी येई. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढले, त्यावर बंदी आली, तेव्हा ते नाव बदलून पुन्हा निघाले. हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले, आणि ऑगस्ट 1948 मध्ये रात्री घरी परतताना त्यांचा खून झाला. संस्थान मुक्त झाले ते त्यानंतर महिन्याच्या आत, 17 सप्टेंबरला. पत्रकाराकडे 'कडक बातमी' मागताना तो काय पणाला लावतो, याचा अंदाज आपणास असावा म्हणून हे सांगितले.

आता दाराबाहेरचे दुसरे टोक. पत्रकाराला वेळेवर आणि नेमके कळवावे कसे, हे गांधीजींइतके कोणाला साधले नसेल. मिठाच्या कायदेभंगाचा बेत त्यांनी 2 मार्च 1930 च्या पत्राने खुद्द व्हाइसरॉयलाच कळविला. 12 मार्चला निघून 5 एप्रिलला दांडीस पोहोचावयाचे. वाटेवरील मुक्काम ठरलेले. देशोदेशीच्या बातमीदारांना यावयास, फोटो काढावयास, तारा पाठवावयास सवड मिळाली. पुढे 21 मे रोजी धारासणा येथे मिठागराकडे जाणाऱ्या सत्याग्रहींवर लाठ्या पडल्या, तेव्हा वेब मिलर नावाचा अमेरिकन बातमीदार तेथे उभा होता. त्याची तार अडविण्याचा प्रयत्न झाला. तरी ती गेली आणि जगभर छापली गेली. त्याने विशेषणे थोडी वापरली. रांगेने पुढे येणारी, हात न उचलणारी माणसे त्याने जशी पाहिली तशी लिहिली.

इकडे अमेरिकेत 1906 साली अटलांटिक सिटीजवळ आगगाडी पुलावरून पाण्यात पडून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. रेल्वे कंपन्यांची तोवरची रीत अपघात झाकण्याची. आयव्ही ली नावाच्या गृहस्थाने कंपनीच्या वतीने अपघाताची हकीकत लिहून पत्रकारांच्या हाती दिली. प्रसिद्धीपत्रकाचा आरंभ पुष्कळ जण येथून मानतात. आपल्या ग्रामपंचायतींनी आणि सोसायट्यांनी हे जरूर वाचावे. चूक झाली की दार लावून घेण्याची रीत तेथे अजून चालू आहे, आणि दार लावले की पत्रकार पाराकडे वळतो. तेथे त्याला काय ऐकावयास मिळते ते आपण जाणतोच.

मग पत्रक कसे लिहावे? एका पानात. पहिल्या दोन ओळींत काय, कोठे, केव्हा, किती, हे सांगून टाकावे; पान भरताना कात्री खालून लागते. आकडा मोजलेला असावा, आणि कोणी मोजला तेही लिहावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे म्हणणे विचारले असल्यास तेही द्यावे. आपली बाजू त्याने लंगडी होत नाही. ग्रामसभेचा ठराव असेल तर प्रत जोडावी. कचेरीत काय चालले आहे ते कळत नसेल, तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे: अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. ते उत्तर म्हणजे आपल्या गाऱ्हाण्याला मिळालेला ठाण्याच्या नोंदीसारखा कागद होय. खाली एका जबाबदार माणसाचे नाव आणि फोन द्यावा, आणि तो फोन त्याने उचलावा. फोटो व्यासपीठाचा नको, जागेचा हवा. पत्रक सर्व पत्रांना एकाच वेळी द्यावे; एकाला आधी आणि दुसऱ्याला उशिरा, ही लबाडी एकदाच खपते.

काही गोष्टी करू नयेत. छापण्यापूर्वी 'आम्हांला दाखवा' म्हणू नये. बोलून झाल्यावर 'हे छापू नका' म्हणू नये. नको असेल ते बोलण्यापूर्वीच सांगावे, आणि समोरच्याने ते मान्य केल्यावरच बोलावे. अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रीचे वा मुलाचे नाव, फोटो, ओळख पटेल असे काहीही कोणाकडे पाठवू नये; तो कायद्याने गुन्हा आहे. अब्रुनुकसानीचा कायदाही अद्याप आहेच. पूर्वी तो दंडसंहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात आहे. कोल्हापूर प्रकरण तेवढ्याने जुने होत नाही. आणि पाकीट देऊ नये. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या मजकुराचा एवढा बोभाटा झाला, की प्रेस कौन्सिलला चौकशीसाठी समिती नेमावी लागली, आणि 2010 मध्ये कौन्सिलने या 'पेड न्यूज'चा निषेध करणारा अहवाल स्वीकारला. तेथे लाखांची गोष्ट होती. आपल्याकडे पाचशेची असते. परंतु जो पाचशे देऊन बातमी लावतो, त्याने शेजारच्या गावातील ज्याच्यापाशी पाचशे नाहीत, त्याची जागा घेतलेली असते.

फोन हाती आल्यापासून 'आता पेपर कशाला, टाका ग्रुपवर' असे म्हणणारे वाढले आहेत. ग्रुपवर टाकलेले शंभर जण पाहतात, त्यातले नव्वद आपलेच असतात, आणि संध्याकाळी ते शुभरात्रीच्या फुलांखाली गाडले जाते. कचेरीतील साहेबाच्या टेबलावर अजून कात्रणच ठेवले जाते. मात्र फोनचा एक उपयोग मोठा आहे: तो तारीख आणि वेळ टिपतो. 'बहिष्कृत भारत' काढण्याची ऐपत प्रत्येक गावाला नाही. नोंद ठेवण्याची ऐपत आहे.

त्या ओढ्याचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात वस्तीवरील नववीतल्या एका मुलीने आपल्या कच्च्या वहीच्या मागील पानांवर रोज लिहावयास सुरुवात केली. तारीख, पाणी घोट्याला की गुडघ्याला की कमरेला, किती जण पार गेले, किती परतले. आम्ही तिला फक्त एवढेच सांगितले होते, की ज्या दिवशी पाणी नसेल त्या दिवशी 'पाणी नाही' असेही लिही. सप्टेंबरअखेर वही मोजली. शाळा बुडाल्याचे सतरा दिवस निघाले. हजेरीपटाशी ताडून पाहिले, सोळा जुळले. आम्ही सोळाच लिहिले. ग्रामसभेचे दोन ठराव जोडले, आणि माहितीच्या अधिकारात आलेले उत्तर जोडले. त्यात पुलाचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी पडून असल्याचे कचेरीनेच लिहिले होते.

वार्ताहराने कागद घेतले, बराच वेळ वाचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या मोटारसायकलवर ओढ्याशी येऊन उभा राहिला. त्या दिवशी पाणी गुडघ्याला होते. बातमी आतल्या पानावर डबल कॉलम आली. गावाच्या नावात एक काना कमी पडला होता आणि मुलीचे नाव तिच्या वडिलांच्या इच्छेप्रमाणे दिलेले नव्हते. यावेळी खुलासा आला नाही. महिन्याभराने दोन माणसे टेप घेऊन ओढ्याची मोजणी करून गेली. पूल अद्याप झालेला नाही. ती मुलगी आता अकरावीला परभणीस जाते. वही तिच्या धाकट्या भावाकडे आहे.